पेशंट सांग, मग चहा

सर, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली आणि आज लिहायला बसले, तेही ऑफिसच्या लेटरहेडच्या पाठकोऱ्या बाजूवर. तुम्ही आधी त्यावरूनच टोमणा मारला असता.

मेहकरला ओपीडी आटोपली की आपण सगळे ड्रेसिंग रूममध्ये जमायचो. किटली तुमच्या हातात. तुमचा कायदा एकच: दिवसातला एक पेशंट सांगायचा, मगच कपात चहा. पहिल्या दिवशी मी नुसताच कप पुढे केला. "आंधी पेशंट सांगा, डाक्टरीणबाई. चहा कुठी पळून नाही चालला." सगळे हसले, माझे कान लाल झाले. एकदा बुलढाण्याहून मोठे साहेब आले, मूळचे डॉक्टरच. त्यांच्यासाठी मात्र केबिनमध्ये ट्रे गेला. त्यांना इकडे का नाही बोलवत, असं मी विचारलं, तर तुम्ही म्हणालात, "त्याच्यापाशी सांगाले पेशंट कुठी हाय?" तेव्हा सगळ्यात मोठ्यानं मीच हसले होते.

आता तो ट्रे माझ्याकडे येतो. मी अख्ख्या दवाखान्याची प्रमुख आहे. "काऊन घेतली खुर्ची?" असं तुम्ही विचारलंच असतं. घेतली, सर, कारण कुणी घेत नव्हतं. भूल देणारा डॉक्टर मिळवायला मी मुंबईपर्यंत खेटे घातले. आता अडलेल्या बाईला जीपमध्ये घालून पुढे धाडावं लागत नाही. हेही डॉक्टरचंच काम आहे, असं मी मीटिंगमध्ये ठणकावून सांगते. पण चहाच्या वेळी फार एकटं वाटतं. गेल्या आठवड्यात न राहवून ड्रेसिंग रूममध्ये गेले, तर सगळे ताडकन उभे राहिले. सिस्टर म्हणाल्या, "मॅडम, काई चुकलं का आमचं?" काही नाही म्हणाले आणि परत फिरले.

तरी आजचा पेशंट सांगते. धाड गावची एक म्हातारी, छातीत जळजळतं म्हणून आली. लेक म्हणे, "ठेचा खाल्ला असंन बुढीनं, गोळी द्या फक्त." पण तिच्या कपाळावर गार घाम होता आणि डावा हात तिनं पदराखाली दाबून धरला होता. लगेच ईसीजी काढला. हार्ट अटॅकच होता. वेळेत सापडली, वाचली. आता पलंगावर पडल्या पडल्या लेकाला शिव्या देते आहे.

हे पत्र खणातच राहील. पण तुमच्याशी खोटं बोलवत नाही, सर. म्हातारी मी तपासली नाही. आमची नवी डॉक्टर चहा पिताना सांगत होती, मी दाराबाहेर उभी राहून ऐकली.