पुडीतला टेक

ताडकळस,
२२ सप्टेंबर २०२४

चि. ऋतुजा हिस त्रिवेणीआत्याचे अ. उ. आ.

तुझ्या होस्टेलच्या बाईंनी मोबाइल कपाटात कोंडून ठेवला म्हणून तिकडे मानवतला तुझी आई डोळे पुसते, आणि इकडे मी खूश आहे. मला जे सांगायचंय ते फोनवर सांगता आलंच नसतं. आमचं घर म्हणजे दुकानाची मागची बाजू. मी फोनवर बोलले की ते गुळाच्या गिऱ्हाइकालाही ऐकू जातं. हे पत्र वाचून झालं की फिजिक्सच्या वहीत लपव, तिथे कुणी बघणार नाही.

पंधरा ऑगस्टला इथल्या शाळेत दहावी पास झालेल्या मुलींचा सत्कार होता. सासूबाईंनी परस्पर सांगून टाकलं की आमची सून मॅट्रिक आहे, तिच्याच हातून होऊ द्या. मला खुर्चीत बसवलं, गळ्यात हार घातला, आणि मी पोरींना गुलाबाची फुलं वाटली. मामंजी पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवत होते. ऋतुजा, मी मॅट्रिक नाही गं. मी इंग्रजीत नापास आहे.

दोष तुझ्या आजोबांचा. त्यांना दम म्हणून नव्हता. निकालाच्या आदल्या दिवशी ताजा खवा मिळाला, तो उद्यापर्यंत टिकणार नाही, म्हणून त्यांनी पेढे वळून घेतले आणि माझा परीक्षेचा नंबर सांगत सांगत मानवतच्या अख्ख्या मोंढ्यात, धान्यबाजारात, वाटले. दुसऱ्या दिवशी निकाल लागला तेव्हा पेढे लोकांच्या पोटात होते, ते परत कसे मागणार? सहा महिन्यांनी त्याच पेढ्यांच्या जोरावर माझं लग्न जमलं. ह्यांना, म्हणजे तुझ्या मल्लेशमामांना, मी लग्नानंतर आठव्या दिवशीच खरं सांगितलं. ते पोट धरून हसले आणि म्हणाले, फक्त आप्पांना, म्हणजे मामंजींना, कळू देऊ नको.

मामंजींनी आयुष्यात कुणाला छटाकभर कमी तोललं नाही. अशा माणसाला आम्ही नापास पोरगी पास म्हणून दिली, हे अठ्ठावीस वर्षं माझ्या घशात अडकून आहे. त्या हारानंतर मला राहवेना. बाहेरून बसायचा सतरा नंबरचा फॉर्म भरलाय, मार्चमध्ये परीक्षा. खरंच पास व्हायचं आणि मगच मामंजींसमोर तोंड उघडायचं, असं ठरवलंय. बाकीचे विषय निभतील, इंग्रजी तू शिकव. फार नको, एकच शब्द दे, पण पुष्कळ कामाचा दे.

उत्तर लवकर धाड, आणि आत्यावरची माया नापासांनाही लागू असू दे.

तुझी,
त्रिवेणीआत्या


नांदेड,
६ ऑक्टोबर २०२४

ती. त्रिवेणीआत्यास ऋतुजाचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून मी एवढी हसले की बाईंना वाटलं अभ्यासाचा ताण डोक्यात गेला. त्यांनी मला लिंबूपाणी पाजलं आणि दोन तास झोपवलं. असंच पत्र दर आठवड्याला पाठव.

तुझा शब्द आहे टेक. घेणं एवढाच अर्थ तुला माहीत असेल, तर तो बाजूला ठेव. अंघोळ करायची ती टेक, औषध प्यायचं ते टेक, फोटो काढायचा तोही टेक. बसनं जायचं तर बस टेक. कामाला वेळ लागतो तिथेही टेकच. त्याच्या मागे ऑफ लावलं की विमान उडतं आणि पायातली चप्पलही निघते. आफ्टर लावलं की पोर कुणावर तरी जातं, मी तुझ्यावर गेले म्हणतात तसं. ओव्हर लावलं की कारभार हातात येतो, जो तुझ्या सासूबाईंनी अजून येऊ दिलेला नाही. आणि इन लावलं तर एखाद्याला घरात आसरा देणं, किंवा चक्क फसवणं.

घाबरू नकोस. आपल्या लागण्याचं काय वेगळं आहे? भूक लागते, ऊन लागतं, ठेच लागते, फोन लागतो, गाडी लागते, वेड लागतं आणि शेवटी निकालही लागतो. ते आपण पाठ केलं होतं का? रोज कानावर पडून पडून आलं. तसंच कर. एकेका कागदावर एकेक अर्थ लिही आणि रोज हात जातो अशा जागी ठेव.

मामांना नमस्कार. आत्या पास झाली तरी भाचीशी मराठीतच बोलेल, अशी आशा आहे.

तुझी मास्तरीण,
ऋतुजा


ताडकळस,
१ डिसेंबर २०२४

चि. ऋतुजा हिस अ. उ. आ.

तुझ्या सल्ल्यानं अनर्थ झाला. जुन्या कॅलेंडरचे चौकोन कापून मी पाठीमागे चाळीस अर्थ लिहिले. वर इंग्रजी, खाली मराठी. लपवायला जागा कुठे? तर गल्ल्याशेजारी पुड्यांच्या कागदांचा जो गठ्ठा असतो, त्याच्या अगदी तळाशी. आता सगळा माल पिशवीत जातो. पुडी बांधायचा हट्ट एकट्या मामंजींचा, आणि ते वरचे कागद घेतात.

गेल्या महिन्यात एका बाजाराच्या दिवशी चारठाण्याहून सासूबाईंच्या माहेरची माणसं आली. मी दिवसभर चुलीपुढे. दुकानात ही गर्दी. वरचे कागद संपले, आणि मामंजींनी चष्मा न लावता माझे सगळे टेक जिऱ्याला, मोहरीला, सुपारीला गुंडाळून वर दोरा बांधून दिले. संध्याकाळपर्यंत माझा अभ्यास चार गावांना पोचला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मेंढरंवाले रायभानमामा दारात हजर. त्यांच्या नातीनं कागद वाचून दाखवला होता: टेक केअर, जिवाला जप. दुकानातलं कोण आपली काळजी करायलंय, हे विचारायला ते दोन कोस चालून आले. मामंजी म्हणाले, दुकानच करतं. आता रायभानमामा प्रत्येक मेंढीला टेक केअर म्हणतात. भागुबाईला टेक रेस्ट मिळालं, तर ती तीन दिवस कापूस वेचायला गेली नाही, दुकानातूनच लिहून आलंय म्हणते. किशनरावांच्या पुडीत टेक ओव्हर निघालं आणि ते सरपंचाच्या निवडणुकीला उभे राहायच्या गोष्टी करायला लागले. चंद्रभान मात्र रुसलाय. त्याच्या सुपारीला टेक अ बाथ होतं. ते मुद्दाम पाठवलं, असं त्याच्या डोक्यात बसलंय.

मी मामंजींना सांगितलं की ते ऋतुजाचे जुने कागद आहेत. त्यांनी मान हलवली आणि पुढची पुडी बांधायला घेतली. पण पुढच्या बाजारी बघ, लोक पिशवी घेईनात, पुडीच मागायला लागले. जुना कागद आणून देतात, नवा नेतात, आणि गल्ल्यासमोर उभं राहून मला अर्थ विचारतात. दिवसभर मी मोठमोठ्यानं टेक सांगते. मल्लेशमामांना हसून हसून ठसका लागतो. न शिकवता शिकायला लागलंय सगळं गाव, आणि त्यांच्या नादानं मीही.

ते टेक इन मात्र मी कागदावर लिहिलंच नाही. त्याचे दोन्ही अर्थ मला न लिहिता पाठ आहेत. मामंजींकडे बघितलं की आठवतात.

स्वेटर पाठवलाय, घाल. आमच्या गावातल्या चाळीस विद्यार्थ्यांचे आशीर्वाद घे.

तुझी,
त्रिवेणीआत्या


नांदेड,
२० डिसेंबर २०२४

ती. आत्यास सा. न. वि. वि.

चंद्रभानकाकांनी अंघोळ केली का, ते आधी कळव. आमची अख्खी खोली वाट बघते आहे.

एक गोष्ट सांगते, रागावू नकोस. गेल्या दोन टेस्टमध्ये मी मागे पडले आणि बाबांना मात्र चांगलं चाललंय असं कळवलं होतं. तुझं पहिलं पत्र मी पुन्हा वाचलं. अठ्ठावीस वर्षं घशात ठेवण्याएवढा माझा घसा मोठा नाही. म्हणून काल बाबांना खरे मार्क लिहून टाकले. ते ओरडतील, पण रात्री मी छान झोपले. बाबा मानवतला बसून पेढे वळण्याआधी त्यांना कळलेलं बरं.

स्वेटर दोघी मावतील एवढा आहे. मैत्रिणीला घेऊनच घालते. लोभ आहेच, तो स्वेटरसारखा ढिला पडू देऊ नकोस.

तुझी,
ऋतुजा


ताडकळस,
३ मार्च २०२५

चि. ऋतुजा हिस अ. उ. आ.

परवा इंग्रजीचा पेपर झाला. पण आधी त्या सकाळचं सांगते.

घरात मी सांगितलं होतं की पूर्णेला मैत्रिणीच्या नातवाचं बारसं आहे. सकाळी मामंजींची लिंगपूजा आटोपली. त्यांनी मला हाक मारली, कपाळाला भस्म लावलं, आणि दोऱ्यानं बांधलेली एक छोटी पुडी हातात दिली. वाटेत उघड म्हणाले. मल्लेशमामांना मोटारसायकल पूर्णेच्या अलीकडे थांबवायला लावून मी पुडी सोडली. आत खडीसाखर. कागदावर मामंजींच्या थरथरत्या अक्षरात लिहिलेलं: टेक युवर टाइम. घाई करू नको. बारशाला उशीर झाला तरी चालतो.

मी कागद ह्यांच्यापुढे धरला. मल्लेशमामा शपथेवर सांगतात की त्यांनी तोंड उघडलेलं नाही. तशीच जाऊन बाकावर बसले. शेजारची पोरगी पंधरा वर्षांची, तिनं विचारलं की मावशी, तुम्ही पेपर वाटणार का? मी म्हटलं, नाही बाई, मी लिहिणार. मैत्रिणीला पत्र लिहा असा प्रश्न होता. त्या पत्रात मी अकरा वेळा टेक घातला. मैत्रिणीला अंघोळ घातली, औषध दिलं, बसमध्ये बसवलं, विमानात बसवून उडवून दिलं, आणि शेवटी जिवाला जप म्हटलं. खडीसाखर संपेपर्यंत लिहीत होते.

घरी आले तर मामंजींनी विचारलं, बारसं कसं झालं. मी म्हटलं, नाव अजून ठेवायचंय, मे महिन्यात कळेल. ते हो म्हणाले आणि जिरं तोलायला लागले.

परीक्षेचं त्यांना कळलंय. पण पेढ्यांचं? आपण त्यांना फसवलं हे कळलं असेल का? मला भीती वाटते गं. नापास होण्याची एवढी वाटत नाही, त्यांच्या नजरेतून उतरण्याची वाटते.

तुझ्या अभ्यासातून वेळ काढून माझ्यासाठी थोडी काळजी कर.

तुझी,
त्रिवेणीआत्या


ताडकळस,
१५ मे २०२५

चि. ऋतुजा हिस शिवाप्पाचे अनेक आशीर्वाद. श्रीकृपेने इकडे सर्व खुशाल.

तुझी आत्या सध्या लिहिण्याच्या स्थितीत नाही. परवापासून ती एकदा हसते, एकदा रडते, आणि चहात मीठ टाकते. म्हणून हे पत्र मी, तिचा सासरा, लिहितो. निकाल लागला. पास झाली. इंग्रजीत शंभरपैकी बावन्न.

निकाल हातात आला तशी ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली आणि मोंढ्यातल्या पेढ्यांची सगळी हकिगत सांगितली. तिला जे सांगितलं, ते तुलाही सांगतो.

त्या साली मी माल घ्यायला मानवतला दोन दिवस मुक्कामाला होतो. तुझ्या आजोबांनी मलाही पेढा दिला आणि नंबर तीनदा ऐकवला. दुसऱ्या दिवशी शाळेवरून जाताना सहज निकालाच्या फळ्यापाशी थांबलो. तो नंबर नव्हता. पुढे सहा महिन्यांनी आम्ही मुलगी बघायला गेलो तर तेच घर निघालं. घरातले सगळे सांगत होते की मुलगी मॅट्रिक पास आहे. मी तिलाच विचारलं, बाई, तुझं कसं काय? ती म्हणाली, "मामा, माझं इंग्रजी लय कच्चं हाय." सगळे हसले, त्यांना वाटलं पोरगी लाजली. मी हसलो नाही. भरल्या घरात एकटीनं खरं सांगितलं. तीच पोरगी पाहिजे, असं मी तिथंच ठरवलं.

माझं चुकलं ते एवढंच की मी बोललो नाही. मला वाटलं विषय संपला. सत्काराच्या दिवशी हार घातल्यावर तिचा चेहरा बघितला, तेव्हा कळलं की तिच्या मनात तो रोज चालू आहे. मग पुडीचे कागद बघितले, आणि ही परीक्षेला बसते आहे हे उमगलं. पहिल्या बाजारी ते चुकून गेले. पुढच्या सगळ्या बाजारी परत आलेले कागद मी चष्मा लावून, निवडून बांधले, म्हणजे लोक विचारत राहतील आणि हिला सांगत राहावं लागेल. चंद्रभानला तेवढा तोच कागद दोनदा दिला. त्याचा उपयोग झाला आहे.

भागम्माला, तुझ्या आत्याच्या सासूला, कळल्यावर तिनं अर्धा दिवस अबोला धरला. दुपारनंतर सगळ्या गल्लीत सांगत फिरली की आमची सून दोनदा मॅट्रिक झाली.

पेढे काल वाटले. या खेपेला निकाल आधी, पेढे मागून. पहिला पेढा तिनं माझ्या हातावर ठेवला. अठ्ठावीस वर्षांपूर्वी मानवतच्या मोंढ्यात खाल्लेला तो पेढा, बाळ, मला आत्ता कुठे पचला.

तुझ्या वाट्याचे पुडीत बांधून पाठवतो आहे. कागद फेकू नकोस, वाच. अभ्यास नीट कर, आणि आम्हा म्हाताऱ्यांवर असाच जीव लाव.

तुझा,
शिवाप्पा