कुडपणातला दुसरा आवाज

११ जानेवारी, महाड

सिनेमा पाहिला. जपानी ॲनिमे. मराठी डबिंगसाठी मुंबईच्या स्टुडिओने पाठवलाय. मोठ्या डोळ्यांच्या पोरी नि मारामाऱ्या असतील म्हणून चहा घेऊन बसले. चहावर साय धरली, तरी कप तसाच.

एक मुलगी रेल्वे स्टेशनवर गाड्यांच्या घोषणा करते. एकदा घरी निघताना तिला तिच्याच आवाजातली घोषणा ऐकू येते. तिने न केलेली. मग तो आवाज तिच्याशी बोलू लागतो. खरं काय, भास काय, शेवटपर्यंत कळू देत नाहीत. एका ठिकाणी ती स्वतःचं तोंड दाबून धरते आणि आवाज चालूच राहतो. माझाही हात तोंडावर गेला होता, नंतर लक्षात आलं. हे माणसांनी काढलंय? ओल्या काचेत तिचा चेहरा दिसतो नि तिच्याआधी हसतो. बाई गं.

आणि ही मी बोलायची! दोन्ही आवाज! महाडच्या रिक्षांवरून ‘साड्यांचा भव्य सेल’ ओरडणारी मी. आधी टेस्ट पाठवायची. रेवतीमॅडम, म्हणजे दिग्दर्शिका, म्हणाल्या, पहिली कुणीही बोलेल, दुसरी सापडली तर काम तुझं.

१४ जानेवारी

खोलीवर रेकॉर्डिंग अशक्य. खाली वेल्डिंगचं दुकान, बाजूला कुणाचा तरी मिक्सर. आज तर पतंगवाली पोरं गच्चीवर. वर कुडपणला आईकडे जाते. शांतता फुकट. नेटवर्क नसतं, म्हणजे स्थळांचे फोनही नाहीत. स्थळं आई तोंडीच सांगेल.

१६ जानेवारी, कुडपण

पोलादपूरहून एसटी मिळाली. आईचं तोंड काही बंद नसतं. चुलीशी बोलते, म्हशीशी बोलते, मी असले की माझ्याशी. “गो वैशे, चांगला पोरगा हाय, एमआयडीसीत परमनंट. नाक तेवढं बघू नको.” नाकाचं तिनेच काढलं!

संध्याकाळी कड्याशी उभी राहून गुरांना हाळी देते. खालच्या वाडीपर्यंत जाते ती हाक. गुरं चरता चरता मान वर करतात नि वळतात. माझा आवाज तिच्यावर गेलाय असं सगळे म्हणतात. तिला मान्य नाही. “माझा गुरांसाठी. तुझा मानसांसाठी.”

१८ जानेवारी

दुपारी दार लावून सराव. पहिली जमते. दुसरी नाही म्हणजे नाही. चेटकीण होतेय. बालनाट्य.

१९ जानेवारी

सापडली!! जोर लावणं सोडलं, अगदी हळू बोलले आणि ती आली. घशातून नाही, खालून कुठून तरी. ‘मी तुझ्या आधीपासून आहे. तू नुसते ओठ हलवतेस.’ फोनवर परत ऐकलं नि काटा आला अंगावर. ही मी नव्हे. इतका आनंद कधी झाला नव्हता. आणि थोडी भीती. खोटं कशाला लिहू.

शेजारची सखूकाकी अंगणातून विचारत होती, “घरात पावणी आलीय काय गो? दोघींचं बोलणं चाललं व्हतं.” म्हटलं, हो काकी, आलीय एक! ती हसली नाही.

२१ जानेवारी

आज जे झालं ते.

दुपारी भांडणाचा सीन करत होते. दोघींचं, एकीमागून एक. मागच्या दाराने आई आली. हातात तांदूळ, अंगारा. माझ्यावरून तांदूळ ओवाळले, कपाळाला अंगारा लावला आणि अंगात वारं आलेल्याला विचारतात तसं विचारलं, “कोण गो तू? कुठनं आलीस? काय पायजे तुला?”

अगं, सराव करतेय, एवढंच म्हणायचं होतं. थट्टा करावीशी वाटली, की वाटायच्या आधीच तोंडून गेलं, आता सांगता येत नाही. दुसरीचं पुढचं वाक्य तयारच होतं. ‘मला आवाज हवा आहे.’ त्याच आवाजात.

 आई हलली नाही. म्हणाली, “तिचा नको गो. ती त्याच्यावर पोट भरते. माझा घे.”

आणि गोठ्यात निघून गेली. मी मागे धावले. आये, आये, मीच होते गं. तिने वळून पाहिलं, पेंढा टाकत राहिली.

बोलली नाही.

२२ जानेवारी

रुसली असेल म्हणून सकाळभर तिच्यामागे मांजरासारखी फिरले. रुसलेली नाही. चहा दिला, केसांवरून हात फिरवला. बोलत नाही.

सखूकाकी ओरडली माझ्यावर. “दिलंय ना तिनं? दिलेलं काय मागारी घेतात? तू बोलतीस ना, मग गप बस.” म्हणजे सगळ्या वाडीला ठाऊक.

संध्याकाळी कड्याशी गेली, उभी राहिली, तशीच परत आली. हाक मीच दिली. गुरांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. अंधार पडेस्तोवर दोघी वळत होतो. ढवळी सापडली नाही.

२३ जानेवारी

ढवळी सापडली. पाय मुरगळलाय. बिबट्याचं भय होतं, निभावलं. आई तिच्या गळ्यात हात टाकून रडली. आवाज न करता. असं रडणं मी बघितलं नव्हतं.

२४ जानेवारी

तिला सिनेमाच दाखवला, फोनवर. म्हटलं बघ, ही ती मुलगी, हा तिचा आवाज, दोघींचं मी बोलायचं, नाटक असतं गं तसं. सगळा पाहिला. पापणी लवत नव्हती. जपानीचं अक्षर कळत नाही तिला, पण माझ्याआधी तिला सगळं समजत होतं. काचेतला चेहरा हसला तसा तिने माझा दंड धरला.

तोंड दाबल्यानंतरचा आवाज ऐकला तिने, आणि फोन खाली ठेवून माझ्या तोंडावर हात धरला. घट्ट. कान जवळ आणून ऐकत राहिली.

मी पुरावा म्हणून दाखवला होता. झालं उलटंच. तिच्या लेखी आता ती दुसरी जपानातही माहीत आहे.

२९ जानेवारी, महाड

आईला सोबत खाली आणलंय. दादाचा मुंबईहून फोन, तिच्या हातात दिला. “आये फोनवर नुसती श्वास घेते. काय केलंस तू?” सांगितलं. “डॉक्टरला दाखव, टाइमपास करू नको.” दाखवलं. घसा स्वच्छ. डॉक्टर म्हणाले, बोलायचं नसेल तर औषध नाही.

१९ तारखेची टेस्ट खाली आल्यावर पाठवली होती, पास. काम माझं. पेढे आणले, खाल्ले नाहीत.

९ फेब्रुवारी, मुंबई

स्टुडिओ. पहिलीचे सगळे सीन झाले. दुसरी येत नाही. रेवतीमॅडम काचेपलीकडून, “छान आहे, पण टेस्टमधली ती कुठे आहे?” चेटकीणही धड होत नव्हती. थोडे दिवस दिलेत.

स्वतःचीच टेस्ट हेडफोन लावून ऐकली. हे मी कसं केलं? मीच केलं का? वेड्यासारखं आहे हे लिहिणं.

१० फेब्रुवारी

काम गेलं तर गेलं, रिक्षा आहेत. दुसरंच सुचलंय, त्याने झोप नाही. आईने आवाज ज्या बाईला दिला, परत तीच देऊ शकते. माझ्या सांगण्याने होणार नाही. तिला आणायला हवं.

आणि ती येत नाहीये.

१५ फेब्रुवारी, कुडपण

दुपार. आई पडवीत नाचणी पाखडत होती. मी समोर बसले. काय बोलायचं ते एसटीत पाठ केलं होतं. डोळे मिटले. बराच वेळ नुसता सुपाचा आवाज. सोडूनच दिलं मनातून, उठणार होते.

आणि आली.

“नको मला तुझा आवाज. परत घे. मी जाते.”

सूप थांबलं. आईने हात जोडले. खाकरली. बोलली तेव्हा गंजल्यासारखा आवाज होता, पण तिचा! “घेते. उपकार झाले.”

तेव्हाच डोळे उघडून गळ्यात पडायला हवं होतं मी. पण ती पुढे वाकून विचारत होती, अगदी हळू, “माझी वैशी बरी हाय ना गो आत?”

“बरी आहे.”

हे पाठ केलेलं नव्हतं. ठरवलेलं नव्हतं. त्याच आवाजात आलं, आणि इतक्या मायेने की मीच ऐकत राहिले.

“तिला सांग, स्थळाचं मी परत काढायची नाय. म्हणाव, ऱ्हा तुला पायजे तशी. पन आली की माझ्याशी तू बोल म्हणाव. दुसऱ्या कुणाला फुडं घालू नको.”

“सांगते.”

डोळे उघडले तर ती माझ्याकडे बघत होती. मला शोधत होती, की दुसरीला निरोप देत होती, कळलं नाही. मी हसले. ती लगेच हसली नाही.

मग पदर खोचून आत गेली. भाकऱ्या थापल्या, पितळ्या मांडल्या. आम्ही दोघीच घरात. तिने तीन मांडल्या. जाणाऱ्याला जेवू घालून पाठवायची रीत आहे आमच्याकडे, तसं असेल. विचारायला धजले नाही. बाहेर येऊन हे लिहितेय.

हाक मारतेय आतून. “ये गो, निवतंय.”

नाव घेत नाही.