फळ्यावरचे बोंबील

प्रिय निकेश,

फोनवर तू मला मधेच तोडतोस, म्हणून कागदावर लिहिते. शेजारची अनुष्का फोटो काढून तुला जहाजावर धाडेल. नीट वाच, तुझ्या बायकोच्या, दिपिकाच्या शिक्षणाचं हाय.

तिचं कालेजचं दुसरं वर्ष सुरू झालं. आता नवीन धोरण आलंय म्हणे. काही धडे घरी मोबाइलवर बघायचे, बाकीचं वर्गात बसून. मला आधी ही थेरंच वाटली. पहिल्या दिवशी मोबाइलात सर दिसले तशी मी डोक्यावर पदर घेतला आणि तिला ओरडले, अगं मास्तर शिकवतायत आणि तू भाजी काय चिरतेस! हसून हसून लोळली बया. सरांना आपण दिसत नाय म्हणाली. पण खरं सांगते, रोज ऐकून मलाही गोडी लागली.

परवा ती मला घेऊन पनवेलला कालेजात गेली. वर्गात यायला जमणार नाय, मोबाइलवरचं तेवढं करीन, असं सरांना सांगायचं होतं तिला, का ते मला बोलली नव्हती. सर म्हणाले, दोन्ही केल्याशिवाय वर्ष धरत नाहीत. तिचं तोंड एवढंसं झालं. तेवढ्यात तास सुरू झाला, म्हणून आमी मागच्या बाकावर बसलो. घरचा धडा कोणी बघितला, असं सरांनी विचारलं तर सगळ्यांच्या माना खाली. आपलीच उठली. पावसाळ्यात मासेमारी बंद झाली की सुक्या बोंबलाचा भाव का चढतो, तिथून सुरू करून तिनं फळ्यावर सगळं अर्थशास्त्र उलगडलं. काय बोलली रे! पोरं भराभर लिहून घ्यायला लागली. मी बाजूच्या पोरीला ढोसून सांगितलं, माझी सून हाय ती.

तास संपल्यावर सरांनी विचारलं, एवढी हुशार आहेस, मग येत का नाहीस? तर म्हणते, सासूबाईंचे गुडघे दुखतात, घरी कोणीतरी लागतं. आणि मी दोन जिने चढून तिथंच उभी! घरी येऊन खोदून विचारलं तेव्हा कळलं, हे कारण तू तिला फोनवरून शिकवलंस. बायको कालेजात गेलेली तुला नको असेल, तर स्वतःच्या तोंडानं सांग, माझे गुडघे मधे घालू नकोस. सोमवारपासून ती वर्गात जाणार आणि घरातलं मी बघणार. तुला विचारत नाय, कळवतेय. पोरीला शिकवीन, हा शब्द लग्नात तिच्या माहेरी जासईला तिच्या बापाला मी दिलाय, तू नाय.

तुझीच, पण या वेळी तिच्या बाजूची,
आई