भोकरच्या मातीला भोक

नांदेड,
गुरुवार, १२ फेब्रुवारी २०२६

चि. समीक्षास कुसुममावशीचे आशीर्वाद.

रविवारी, ८ तारखेला, सकाळी नऊ वाजून वीस मिनिटांनी तू माझ्या ओट्यावर चांदीच्या कागदात गुंडाळलेल्या तीन जाड, गोल चकत्या ठेवल्यास, "मावशी, ह्यांना हात लावायचा नाही हं," म्हणालीस आणि आंघोळीला गेलीस. अन्याय तिथूनच सुरू झाला. (तुझा खोकला बरा आहे ना? आईचे गुडघे?) त्या दिवशी माझा सहासष्टावा वाढदिवस. वाढदिवसाला आलेली भाची चांदीच्या कागदात काही लपवते, तेव्हा तो केक असतो. माती असते, हे सिकंदराबादच्या कॉन्व्हेंटमध्ये कोणी शिकवलं नव्हतं. सिस्टर अ‍ॅग्नेसनी एवढंच शिकवलं, की केकच्या मधोमध सुई घालावी. कोरडी निघाली तर भाजला. माझी स्वेटरची सुई काळी, चिकट निघाली. चॉकलेट समजून मी ती चाटली, आणि मला भोकर तालुका कळला.

कागद होता तसा परत गुंडाळून ठेवला. तू आणि तुझ्या प्रयोगशाळेतला संगप्पा चकत्या जीपमधून लातूरला घेऊन गेलात. काल तू फोनवर रडलीस: चकतीच्या खालून वायू सोडला, की तासन्‌तास अडायला हवा तो फुस्सकन वर येतो, कचरा डेपो झाकायला भोकरची माती नापास, संगप्पानंच चकत्या आपटल्या असणार, म्हणून येत्या गुरुवारी त्याची साहेबांपुढे पेशी. मागून त्याचा आवाज आला, "लेकरावानी मांडीवर घिऊन आलो म्याडम, पाडलो न्हाई." आणि खरं बोला म्हणून छत्तीस वर्षं मुलींना छड्या मारणारी मी काय म्हणाले? "ही माणसं अशीच धांदरट!" ते वाक्य मला त्या सुईहून जास्त टोचतंय.

दोष मातीचा नाही, संगप्पाचाही नाही. भोकरच्या मातीला भोक मी पाडलं. (हसू नकोस.) तरी त्या चांदीच्या कागदावर 'माती' ही दोन अक्षरं लिहिता येत नाहीत, आणि निघालात पीएचडी करायला! हे पत्र साहेबांना दाखव.

तुझी
कुसुममावशी

ता. क. सुई एकाच चकतीत घातली, असं वर वाटत असेल. तिन्हींत घातली.

आणखी ता. क. चाटणं सगळ्यात शेवटी झालं. त्याआधी, कच्च्या वाटल्या म्हणून, तिन्ही दहा मिनिटं ओव्हनमध्ये ठेवल्या होत्या. तू केस वाळवत होतीस. संगप्पाची पेशी रद्द झाली, असं बुधवारी, १८ तारखेला दुपारी बाराच्या आत मला लेखी कळव. फोन करू नकोस. फोनवर मी परत त्याचंच नाव घेईन.