रोस्मैदाच्या भिंतीवरची तलवार

२६ सप्टेंबर, शुक्रवार

तलवार आली! रोस्मैदाने टॉवेलात गुंडाळून आणली, तान्ह्या बाळासारखी. रोस्मैदा सुमात्रा बेटावरच्या बाटक लोकांतली, तिचा नवरा हेन्री सारावाकच्या इबान लोकांतला – गेल्या वर्षी वारला. "हेन्रीचीच असणार," म्हणाली. पण मुलाला, पीटरला, पक्कं हवंय. इबान निघाली तर तो ती सारावाकला काकांकडे पोचवणार. बाटक निघाली तर आईच्या भिंतीवर राहणार.

अशा दिसणाऱ्या तलवारी दोन्हीकडे असतात, म्हणून लोक गोंधळतात. मी नाही गोंधळत! म्युझियमांची जुनी शस्त्रं साफ करण्यात अर्धं आयुष्य गेलंय.

२८ सप्टेंबर

मूठ पाहिली. इबानच. माझा नवरा विवेक म्हणाला, "त्या बाईची भिंत रिकामी होईल गं." भिंतीकडे बघून निकाल देत नाही मी! रिपोर्ट लिहून टाकला.

१ ऑक्टोबर, खंडेनवमी

आज सासूबाईंनी कहर केला. पुण्याहून आल्यात, गॅरेजमध्ये शस्त्रपूजा मांडली – ड्रिल, पाने-पक्कड, विवेकची गाडी आणि ती तलवार! चार दिवस घासलेल्या पात्यावर हळद, कुंकू, तेलाचं बोट, वर झेंडू.

"आई, ती लोकांची आहे!"

"म्हणून काय आज तिला उपाशी ठेवायची?"

मी कपाळाला हात लावला. तेवढ्यात दारात रोस्मैदा – काम कुठवर आलं ते बघायला! वाटलं, संपलं आता. ती पात्याकडे बघत राहिली आणि एकदम रडायलाच लागली. "हेन्री दरवर्षी कोंबडीचं रक्त लावायचा. वास येतो म्हणून मी ओरडायचे. तो गेल्यापासून हिला कोणी काही लावलंच नाही."

आईंनी तिला खुर्ची दिली, चहा टाकला, पाठीवरून हात फिरवला. मी रिपोर्ट दिला.

"इबान?"

"इबान."

"बरं झालं. त्याची त्याच्या घरी जाईल." तोंडाने म्हणाली, पण मुठीवरचा हात काही निघेना. माझं चुकलेलं नाही. तरी फार वाईट वाटलं.

२ ऑक्टोबर, दसरा

पातं पुसलं. मुठीपाशी कुंकवाचा एक ठिपका राहू दिला. आईंना सांगितलं नाही, डोक्यावर बसतील!

५ ऑक्टोबर, रविवार

पीटरचा फोन. काकांनी फोटो बघून सांगितलं – "आमची नाही. हेन्री म्हणायचा, बायकोच्या माहेरची आहे, म्हणून तर जपतो." रोस्मैदाचा भाऊही म्हणतो, आमची नाही! लग्नाच्या भेटींत कोणीतरी ठेवलेली. तो तिची समजला, ती त्याची. संसारभर दोघांनी विचारलं नाही, नुसती जपली.

घडण इबानच आहे, मी मागे हटत नाही. पण पीटरला रिपोर्ट फाडायला सांगितला. तलवार तिच्या भिंतीवर परत गेली.

रोस्मैदाने आईंकडे कुंकू मागितलंय.