तीन चांगले दात

दादा,

हे पत्र तुला मिळणार नाही. आईने मला शपथ घातली आहे.

गेल्या महिन्यात तिला मी माझ्या दवाखान्यात आणलं. नुसता कापसाचा बोळा गालावरून फिरवला, तर ती विजेचा झटका बसल्यासारखी किंचाळली. दुखणं दाताचं नव्हतंच रे, चेहऱ्याच्या नसेचं होतं. पंख्याचा वारा लागला तरी कळ येते, हे तिने तुला प्रत्येक खेपेला सांगितलं होतं. तू मोठा दातांचा डॉक्टर! तीन खेपांना तीन दात उपटलेस आणि चौथ्यांदा म्हणालास, "आई, आता नाटकं पुरे."

ते दात तिने डबीत जपून ठेवलेत. मी भिंगाखाली पाहिले. एकही किडलेला नाही.

माझ्या गोळ्यांनी आठवड्यात कळा थांबल्या. पण मी तरी कुठली शहाणी? दुसऱ्या दाताच्या वेळी तिने मला फोन केला होता. चेहऱ्याच्या दुखण्यांवर इतकी वर्षं घासून मी काय बोलले? "दादा म्हणतोय ना, मग टाक काढून." तुझ्यापुढे तोंड उघडायची मला सवयच नाही.

"त्याला कळू देऊ नकोस, मनाला लावून घेईल," असं आईचं म्हणणं.

परवा तू घरी आलास, तेव्हा ती सारखा तोंडावर हात धरून बोलत होती. ते खिंडार तुला दिसू नये म्हणून. आणि तू माझ्या कानाशी लागून म्हणालास, "बघ, अजून नाटक चालूच आहे."

मी तेव्हाही गप्पच बसले.

तुझी धाकटी