ती यायला तयार नव्हती

मॅडम, तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली आणि तुमच्याशी कडकडून भांडावंसं वाटलं ते आज. आज दुपारी ऑफिसमध्ये मी एका मुलीची नोकरी घालवणाऱ्या कागदावर सही केली. मुलगी पंचविशीतली, हैदराबादची, आमच्या कंपनीतर्फे मलावीत गरोदर बायकांचा सर्व्हे करायला गेलेली. तिनं एका बाईच्या हिमोग्लोबिनचा आकडा फॉर्मवर खोटा लिहिला. मशीनमध्ये एक, फॉर्मवर दुसरा. मी इथं दुबईत बसून तो पकडला, कारण रोजचे आकडे मशीनशी ताडून बघायची खोड तुम्ही लावलीत ती अजून सुटलेली नाही. तुम्ही असतात तर शाबासकी दिली असतीत असं म्हणणार होते, पण तुम्ही कुणाला कधी शाबासकी दिलीत म्हणा.

आता घरी आहे. ऑफिसमधून निघाल्यावर अल नहदापर्यंत यायला नेहमीसारखाच सव्वा तास गेला. नवरा नोकरीसाठी रुवैसला, तो शुक्रवारी येईल. मी लॅपटॉप सोडून वहीत लिहितेय हे बघून लेकीनं विचारलं, "मम्मा, हू आर यू रायटिंग टू?" मी म्हटलं, ऑफिसचं आहे. तिला मराठी वाचता येत नाही हे आज बरंच वाटलं. तुम्ही असतात तर त्यावरूनही मला बोल लावला असता. मुलाखतीच्या दिवशी माझं आडनाव वाचून तुम्ही आधी इंग्रजीत सुरू केलंत, मग मी म्हसळ्याची म्हटल्यावर चष्म्यावरून बघून म्हणालात, "अरे वा, तुझी मराठी चांगली आहे की गं." चांगली नसायला काय झालं? दहावीपर्यंत मराठी शाळेत होते, अब्बांनी शारजात दुकान टाकलं म्हणून इकडे आले. हे सगळं मी मनात म्हटलं आणि तोंडावर हसले. पहिली नोकरी होती, हसण्यावाचून इलाज नव्हता. पुढची दोन वर्षं तुम्ही माझ्या 'आणि-पाणी'चे उच्चार सुधारलेत आणि मी सुधारून घेतले.

आपण सर्व्हेसाठी टांझानियाला गेलो तेव्हा मी सव्वीस वर्षांची होते. मोठ्या तळ्याकाठची ती गावं, लाल माती, केळीची झाडं, आणि आपली एकच पांढरी गाडी. काम सोपं होतं. घरोघरी जायचं, गरोदर बाईच्या बोटाला सुई टोचायची, रक्ताचा थेंब पट्टीवर घ्यायचा, मशीन काही सेकंदांत हिमोग्लोबिन दाखवतं ते फॉर्मवर उतरवायचं. आकडा सातच्या खाली असेल तर प्रोजेक्टच्या गाडीतून बाईला त्याच दिवशी जिल्ह्याच्या हॉस्पिटलला पोचवायचं. सातच्या वर असेल तर लोहाच्या गोळ्या द्यायच्या, चिठ्ठी द्यायची आणि सांगायचं, तुमचं तुम्ही जा. तुमचं तुम्ही म्हणजे बत्तीस किलोमीटर. नियम तुम्ही बनवला नव्हता, पण तो तुम्ही ज्या तोऱ्यात आम्हाला वाचून दाखवलात, त्यावरून तुम्हीच बनवलाय असं वाटायचं.

ती बाई मला अजून दिसते. आठवा महिना, चौथं बाळंतपण. घरात प्लॅस्टिकची एकच खुर्ची, ती मला देते आणि स्वतः उंबऱ्यावर टेकते. दुभाष्याचं काम करणाऱ्या आरोग्यसेविकेला काहीतरी सांगून हसते. सेविका मला सांगते, ती म्हणतेय ही पोरगी इतक्या लांबून माझं रक्त बघायला आली, हिच्या आईला हिची काळजी नाही का. निखाऱ्यात भाजलेलं रताळं सोलून माझ्या हातावर ठेवते. तिच्या पापणीच्या आतली कड मी बघते तर कागदासारखी पांढरी. दोन पावलं चालली की भिंतीला हात लावून उभी राहते. मशीन दाखवतं सात पॉइंट दोन. मी पुन्हा टोचते, पुन्हा सात पॉइंट दोन. मग मी फॉर्मवर सहा पॉइंट आठ लिहिलं. लिहून बरं वाटलं.

चार वाजता आरोग्यकेंद्राच्या अंगणात टेबल टाकून तुम्ही फॉर्म आणि मशीन ताडायला बसायचात. त्या दिवशी तुमचं बोट माझ्या ओळीवर थांबलं. ड्रायव्हरला, सेविकेला कळू नये म्हणून तुम्ही मराठीत बोललात, पण तुमच्या आवाजाला दुभाष्या लागत नव्हता. "आज दया आली म्हणून आकडा खाली आणलास, उद्या कंटाळा आला म्हणून वर नेशील. मग हे सगळे कागद चुलीत घालू या का? दया करायची तर फॉर्मच्या बाहेर कर. असं पुन्हा दिसलं तर परतीचं तिकीट हातात देईन." तुम्ही आकडा खोडलात, सात पॉइंट दोन लिहिलंत आणि बाजूला माझी सही घेतलीत. सगळे बघत होते. माझे अब्बाही मला कधी चारचौघांत असं बोलले नव्हते.

आता मी आमच्या कंपनीत नव्या मुलांना ट्रेनिंग देते, तेव्हा ही गोष्ट सांगतेच. आफ्रिकेत पहिल्यांदा जाणारी ही मुलं, फॉर्म भरायला शिकवताना पेंगतात, पण ही गोष्ट आली की ताठ बसतात. मी सांगते की माझ्या मॅडमनी आकडा दुरुस्त केला आणि गाडी अडवली. सातच्या वर दोन दशांश, म्हणून एका बाईला गाडी मिळाली नाही. इथं मी थोडी थांबते. मग म्हणते, हे काम असं आहे, मन घट्ट करायला शिका. कुणाचे डोळे भरतात, कुणी रागावतं. तुमच्यावर रागावतं. मी कॉफी घेते आणि पुढची स्लाइड लावते.

पण मॅडम, त्या दिवशी त्याच्या पुढे काय झालं हे तुम्हाला आणि मलाच माहीत आहे. तुम्ही अर्ध्या तासानं मागच्या पडवीत आलात. मी खोके भरत होते, तुमच्याकडे पाठ करून. तुम्ही म्हणालात, "फॉर्म फॉर्मच्या जागी. उद्या मला जिल्ह्याच्या ऑफिसला परवानगीसाठी जायचंय, मी बसनं जाते. गाडी तुला ठेवलीय. सकाळी आधी त्या बाईला हॉस्पिटलात सोड. कुणी विचारलं तर माझं नाव सांग, माझं मी निस्तरेन." मी मान वळवली नाही. म्हटलं, "नियमात बसत नाही ना, मॅडम?" तुम्ही म्हणालात, "नसू दे. जाशील ना?" मी "हो" म्हटलं.

सकाळी ड्रायव्हर गाडी सुरू करून उभा. 'चला'ला यल्ला म्हणायची माझी शारजाची सवय त्याला कळायला लागली होती, त्यानंच हसून म्हटलं, यल्ला, कुठं? मी त्याच्या हातात पुढच्या गावाची यादी दिली. बारा घरं राहिली होती. बाईच्या गावाचा फाटा आला, मी खिडकीतून बघितला आणि काही बोलले नाही. मनात धुमसत होतं ते इतकंच की नियम काय असतो ते मी तुम्हाला दाखवते, भोगा आता. बाई माझ्या मनात नव्हतीच, तुम्ही होतात. दुपारपर्यंत राग उतरला तेव्हा म्हटलं उद्या जाऊ. उद्या पाऊस होता आणि रस्ता खचला. परवा तुम्ही परत आलात. बसमधून उतरल्या उतरल्या तुमचा पहिला प्रश्न, "सोडलंस तिला?" मी काही ठरवून ठेवलेलं नव्हतं. तोंडातून निघून गेलं, "ती यायला तयार नव्हती."

तुम्ही म्हणालात, "हं. होतं असं," आणि डायरीत लिहिलंत. खलास. माझा एकेक आकडा मशीनशी ताडणाऱ्या तुम्ही, माझं एक वाक्य ताडून बघितलं नाहीत. सेविका तुमच्या शेजारी उभी होती. तिला एक प्रश्न विचारायचा होता, ड्रायव्हरला विचारायचा होता. चार दशांशाचा फरक तुम्हाला दिसतो आणि हा दिसत नाही? याचाच मला तुमचा राग येतो, आज जास्तच येतो. चारचौघांत माझी चोरी पकडलीत आणि खरी चोरी केली तेव्हा माझ्यावर विश्वास ठेवलात. दुसऱ्या दिवशी आपण पुढच्या जिल्ह्यात गेलो.

इकडे परत आल्यावर तीन आठवड्यांनी सेविकेचा मेसेज आला. बाई घरीच बाळंत झाली, रक्तस्राव थांबला नाही, गाडी मिळेपर्यंत गेली. मूल जगलं. मी मेसेज घेऊन तुमच्या घरी आले. चतुर्थी होती, तुम्ही स्वयंपाकघरात साबुदाणा परतत होतात. तुम्ही मेसेज वाचलात, गॅस बंद केलात आणि ओट्याला टेकलात. मग म्हणालात, "ऐकायला हवं होतं गं तिनं." मी "हो ना" म्हटलं. तुम्ही मला बशी दिलीत. स्वतः काही खाल्लं नाहीत. मी खाल्लं, मॅडम. बशी संपवली.

मग आपल्या सर्व्हेचा पेपर जर्नलमध्ये आला. तुमचं नाव पहिलं, माझं शेवटून दुसरं, ते ठीकच होतं. त्यात एक वाक्य होतं: वाहनाची सोय करूनही काही स्त्रिया हॉस्पिटलमध्ये जायला तयार होत नाहीत. एका बाईच्या तुम्ही 'काही स्त्रिया' केल्यात. आकडा खरा राहावा म्हणून मला चारचौघांत सोलून काढलंत आणि हे वाक्य जसंच्या तसं छापलंत. आता लोक ते आपापल्या पेपरात घेतात, तिथल्या बायकांची मानसिकता वगैरे लिहितात, खाली तुमचं आणि माझं नाव असतं. मी ते वाचते आणि पान उलटते. पेपर आला त्या वर्षीच तुम्ही गेलात. कॅन्सर कळला आणि चार महिन्यांत सगळं संपलं. तुमच्यासमोर खरं बोलायचं राहिलं, आणि खरं सांगायचं तर मला हायसं वाटलं. त्यानंतरच ट्रेनिंगमधली ती गोष्ट सुरू झाली. तुम्हाला मी सांगितलं की बाई आली नाही. मुलांना सांगते की तुम्ही गाडी अडवलीत. मेलेल्या दोघींच्या नावावर एकेक गोष्ट घातली आणि माझ्या नावावर काहीच ठेवलं नाही.

आज ही मुलगी फोनवर होती. मी तिला म्हटलं, गाडी हवी होती तर मला फोन करायचास, मी दिली असती. खरंच दिली असती, मॅडम, आमच्या मॅन्युअलमध्ये तशी सोय मीच घालून घेतलीय.  ती म्हणाली, "मॅम, आपने ही तो सुनाया था ना, नंबर ऊपर हो तो गाडी नहीं मिलती. पूछने का खयाल ही नहीं आया."  तिच्या बाईला गाडी मिळाली, हॉस्पिटलात रक्त चढवलं, बाळंतपण झालं. तिची बाई जिवंत आहे. मॅनेजरला मी एवढंच सांगायला हवं होतं की ही चूक तिला मी शिकवली. पण मग विचारलं असतं कशी, आणि मग सगळंच निघालं असतं. मॅनेजर म्हणाला, डेटात फेरफार केलाय, झिरो टॉलरन्स, तू क्वालिटी हेड आहेस, तूच सही कर. मी सही केली. गुरुवारी ती दुबईला परत येतेय, इंटरनॅशनल सिटीत तिघींत मिळून घेतलेल्या खोलीवर. मग लॅपटॉप जमा करायचा, व्हिसा कॅन्सल, महिन्याभरात हैदराबाद. या क्षेत्रात तिला पुन्हा कोण घेणार?

तुमच्यावर चिडायला बसले होते. चिडलेच आहे. तुम्ही मला त्या दिवशी तिकीट देऊन परत पाठवायला हवं होतं, निदान दुसऱ्या दिवशी गाडीत माझ्या शेजारी बसायला हवं होतं. तुम्ही मला खरा आकडा लिहायला शिकवलंत आणि त्यापलीकडे मी खरीच असेन असं धरून चाललात. हे पत्र तुमच्यापर्यंत पोचणार नाही हे माहीत आहे म्हणूनच इतकं लिहिता आलं.

संध्याकाळी तिचा मेसेज आला. नोकरीबद्दल एक अक्षर नाही, रडगाणं नाही. फक्त विचारलंय, मॅम, आपकी उस औरत का आगे क्या हुआ, आपने कभी बताया नहीं. मी लिहिलं, पता नहीं.